बेबाअक्काची सव्वा मूठ

कोठावदे मॅडमचा एक नियम होता, घरची केस घ्यायची नाही. धुळ्याला देवपुरात आमचं समाजकार्याचं कॉलेज होतं, तिथे पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो सांगितला. डॉक्टर आपल्या पोटच्या पोराचं ऑपरेशन स्वतः करत नाही, तसंच हे, म्हणाल्या. मी हात वर करून विचारलं, की गावात डॉक्टरच एक असला तर? वर्ग हसला, मॅडम हसल्या नाहीत. मला प्रश्न विचारायची खोड आहे आणि राग लवकर येतो. या दोन गोष्टींमुळे माझं लग्न जमत नाही, असं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं मत होतं. तिसरं कारण ते बेबाअक्काचं सांगायचे, आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं.

बेबाअक्का माझी मोठी बहीण. मी शाळेत होते तेव्हाच तिला पहूरला दिलेली. जामनेर तालुक्यातलं मोठं गाव, घरच्या केळीच्या बागा, नवरा सुपडू दिसायला बरा. काही वर्षांत मूल झालं नाही म्हणून सुपडूने दुसरी केली, आणि एका सकाळी अक्काला ट्रंकेसकट आमच्याकडे येणाऱ्या एस्टीत बसवून दिलं. सोबत कोणी आलंसुद्धा नाही. आमचं गाव पारोळ्याजवळ, धुळे-जळगाव रस्त्यापासून थोडं आत. अक्का फाट्यावरून ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आली. मायने तिला पाणी दिलं, आणि दोन दिवसांत ती आमच्या कापसात निंदायला जाऊ लागली. 'टाकलेली' हा शब्द आमच्या घरात कोणी तोंडातून काढत नसे. ते काम गावाने आपल्याकडे घेतलं होतं.

कॉलेजात माझं क्षेत्रकार्य नेमकं अशाच बायांमध्ये लागलं. देवपुरातच पांझरा नदीच्या काठाला एक वस्ती होती, तिथे नवऱ्यांनी टाकलेल्या बायांचा गट आम्ही विद्यार्थिनी दर बुधवारी बसवायचो. पुस्तकात त्यांना सेवार्थी म्हणत. मी त्यांना सांगायचे की गप्प बसू नका, हक्क मागा. त्या नीट ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, कोणाकडे मागायचा? नवरा दारात उभं करत नाही, आणि बाप म्हणतो तुझं घर तिकडे. मला पुस्तकातलं पोटगीचं कलम तेवढं यायचं, ते मी सांगायचे. मंजुळाबाई नावाची एक बाई होती, ती एकदा म्हणाली, ताई, पोटगी राहू द्या, आम्ही कोणाच्या घरच्या ते तेवढं सांगा. मी पुस्तकातलं पुढचं कलम काढून वाचायला लागले.

दुसऱ्या वर्षाचा श्रावण आला आणि मी कानबाईसाठी घरी गेले.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, नवं वस्त्र. एक रात्र पाहुणी, सोमवारी सकाळी नदीवर पोचवायची. आमच्या भाऊबंदांची देवी आमच्या घरी बसे, कारण आबा सगळ्यांत वडील. या सणात खरा मान रोटांचा. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू काढायचे. बायांच्या मुठी काढत नाहीत, त्यांनी पुरुषांच्या मुठीत भागवायचं. प्रत्येक घराचं दळण वेगळं, भाऊबंदातल्या दुसऱ्या घरानेही त्याला हात लावायचा नाही, आणि त्या दिवशी गिरणीवालासुद्धा गिरणी धुऊन पुसून ठेवतो. त्या पिठाच्या पुरणपोळ्या म्हणजे रोट. त्या पिठाला परक्या कुळाचा हात लागायचा नाही, आणि रोट परक्या कुळाच्या पोटात जायचा नाही. उष्टं राहिलं तर खड्ड्यात पुरतात, पण बाहेर देत नाहीत. लग्न झालेली लेक परक्या कुळाची. तिने देवीला यावं, ओटी भरावी, रोट मात्र मागू नये.

आणखी एक नियम होता, आणि तो आबांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आले होते. ज्याने यंदाचा रोट खाल्ला त्याला घराबाहेर काढायचं नाही. वनाकाका, आबांचा चुलतभाऊ, तरुणपणी भावांशी मारामारी करून बसला होता. सगळे त्याला हाकलायला उठले तेव्हा आमच्या आजोबांनी एवढंच म्हटलं होतं, की त्याने परवाच रोट खाल्लाय. वनाकाका राहिला, त्याचा संसार झाला, आणि आबा ही गोष्ट अभिमानाने सांगत.

बेबाअक्का परत आल्यापासून आमच्या घरचे रोट तीच करायची. मायची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, पीठ मळणं तिच्याच्याने होत नव्हतं. माझा भाऊ अभिमनची बायको गेल्या वर्षी आली खरी, पण यंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. अक्का पहाटे न्हाऊन चुलीशी बसे. मातीच्या उपड्या खापरावर एवढाली पोळी दोन्ही हातांवर खेळवून टाकावी तर तिनेच. आणि सगळे जेवायला बसले की ती मागच्या ओट्यावर जाऊन कालची भाकरी चटणीशी खाई. कारण ती परक्या कुळाची.

मी घरी पोचले तर माय मला बघून रडायला लागली. मला वाटलं, लेक आली म्हणून. पण कारण वेगळं होतं. सोमवारी देवी पोचवली की पहूरचे लोक अक्काला न्यायला येणार होते.

इतक्या वर्षांनी त्यांना अक्का का आठवली, ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. सुपडूची दुसरी बायको बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली होती. तान्हं पोर, बागेतली माणसं, गोठा, सगळं उघडं पडलं होतं. बायको म्हणून नव्हे, बिनपगारी बाई म्हणून त्यांना ती हवी होती. आणि आबांनी हो म्हटलं होतं, ते माझ्यासाठी. अमळनेरच्या एका घरी माझं बोलणं चाललं होतं. त्यांना मुलगी पसंत होती, फक्त टाकलेली बहीण घरात बसलेली नको होती. म्हणजे माझ्या नावाने माझ्या बहिणीला सवतीची बाळंतपणं करायला पाठवायचं होतं, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. मला इतका राग आला की मी हातपाय न धुता आबांसमोर जाऊन बसले.

कॉलेजात शिकवलेलं सगळं मी त्या दिवशी वापरलं. आवाज चढवायचा नाही, समोरच्याला बोलतं करायचं, त्याच्या भावना त्याच्याच शब्दांत त्याला परत द्यायच्या. मी शांतपणे म्हटलं, आबा, तुम्हाला याबद्दल काय वाटतं? आबा म्हणाले,

"माले वाटस, तू जेवी ले."

असा माझा व्यक्तिसहाय्य कार्याचा तास संपला. नंतर मी आवाज चढवला, त्याचाही उपयोग झाला नाही. मी म्हटलं मला ते अमळनेरचं घर नको. आबा म्हणाले, ते नाही तर दुसरं कोणतं तरी लागेलच, आणि तेही हेच विचारतील.

अक्काला विचारलं तर ती चूल सारवत होती. म्हणाली, बापाने ठरवलंय. मी म्हटलं, तुला काय हवंय? तिने सारवणाचा हात थांबवला नाही. इथे राहायचंय, म्हणाली. मला असं कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. एवढंच बोलली आणि पुढचा पट्टा ओढायला लागली. मी मात्र तिथून उठले ते मनाशी पक्कं करून. अक्का सोमवारी त्या गाडीत बसणार नाही. कसं, ते मला माहीत नव्हतं.

शनिवारी आबा मुठी काढायला बसले. देवी बसायच्या जागेपुढे पाट, पाटावर नव्या कापडाचं धडपं, बाजूला गव्हाचं पोतं. वनाकाका आणि आणखी दोघे भाऊबंद साक्षीला. आबांनी आपल्या नावाची सव्वा मूठ काढली, मग अभिमनची. आम्ही बाया स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो, मी पुढे, अक्का माझ्या मागे. अभिमनची मूठ पडली, आबांनी हात झटकले, आणि मी म्हटलं, आता अक्काची काढा.

वनाकाका हसला. बाकीचेही हसले. पोरगी शिकून आली की अशी चेष्टा करायचीच, असं त्यांना वाटलं असावं. मी पुन्हा म्हटलं, की ती इतकी वर्षं या घरात खपते, तिची मूठ काढा. तेव्हा हसणं थांबलं. आबा रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. ते समजावल्यासारखं म्हणाले,

"ती पहूरवाल्यासना कुळनी शे. आपला रोट तिले चालत नही."

त्यात काही वाईट बोलल्याचं त्यांना वाटलं नाही. पाऊस वरून पडतो असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी मागे वळून बघितलं. अक्का माझ्याकडे बघत नव्हती, आबांकडे बघत होती. मग ती आत गेली आणि तिने डाळ निवडायला घेतली. मला वाटलं, संपलं. मी बाहेर जाऊन गोठ्याच्या भिंतीला टेकून मनसोक्त रडले. देवपुरातल्या त्या मंजुळाबाईला मी वर्षभर काय सांगत होते, आणि माझ्या घरच्या दारात माझं एक वाक्य टिकलं नव्हतं.

रविवारी देवी बसली. नथ घातली, ओटी भरली, दिवे लागले. एकेक करून भाऊबंदांची घरं आपापल्या रोटांची ताटं घेऊन आली आणि पडवीत, अंगणात बसली. पण आधी आमच्या घरचे रोट देवीपुढे जायचे, मग आरती, मग बाकीच्यांची ताटं, असा क्रम. तोवर कोणाला घास नाही. पोरं किरकिर करत होती, बाया त्यांना दटावत होत्या.

आमच्या स्वयंपाकघरात परातीत पीठ काढलेलं होतं. पुरण शिजलेलं होतं, ते मीच वाटलं होतं. चूल पेटली होती, खापर चढलं होतं. अक्का न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली. ती परातीजवळ येईल म्हणून मी सरकून जागा केली. ती आली नाही. तिने तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले, पदराला पुसले, आणि ती सरळ पडवीत गेली. जिथे आबा भाऊबंदांसोबत बसले होते, त्यांच्यासमोर ती उंबऱ्याच्या बाहेर बसली. तिला कधी पुरुषांसमोर असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"आबा, मी पहूरवाल्यासना कुळनी शे," ती म्हणाली. "तुमना रोटना पिठले मी हात लावत नही."

आवाज मोठा नव्हता, पण पडवीत सगळ्यांना ऐकू गेला. आबांना आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यांचंच कालचं वाक्य तिने त्यांच्यासमोर ठेवलं होतं. परक्या कुळाचा हात पिठाला लागत नाही, हा नियम त्यांचा. ती परक्या कुळाची, हेही त्यांचंच. ती इतकी वर्षं रोट करायची तेव्हा आमच्या कुळाची असायची आणि खायची वेळ आली की पहूरची, हे आजवर त्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी तिच्यासाठी मूठ मागत होते, तिने सरळ हात काढून घेतला.

आबा म्हणाले, चेष्टा पुरे, ऊठ. अक्का उठली नाही. आबांनी वनाकाकाच्या बायकोकडे बघितलं, पण ती तरी काय करणार, आमच्या घरच्या पिठाला दुसऱ्या घरचा हात चालत नाही. मग आबा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. तिथे मी होते. लग्न न झालेली, म्हणून अजून याच कुळाची, धडधाकट हातांची. त्या घरात त्या दिवशी पिठाला हात लावू शकेल आणि मळूही शकेल अशी तरणी मी एकटीच होते, हे त्यांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं.

"कुंदे, तू बस चूलपुढे," आबा म्हणाले. "नही ते तुनं धुळं बंद."

मी परातीकडे बघितलं. धुळं बंद म्हणजे कॉलेज बंद, वसतिगृहातली खोली बंद, दर बुधवारची ती वस्ती बंद, आणि अमळनेरचं नाहीतर आणखी कुठलं घर. आबा एकदा बोलले की मागे फिरत नसत. मी पीठ मळलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं, फक्त अक्का गेली असती. मी चुलीपुढून उठले.

"बंद ते बंद," मी म्हटलं, आणि बाहेर जाऊन अक्काच्या शेजारी बसले. अक्काने माझ्याकडे बघितलंही नाही, पण तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला आणि तिने तो तसाच ठेवला.

आबांनी मग धुरपदाबाईंना हाक मारली. त्या आबांच्या काकू. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही, म्हणून त्या आमच्याच घरी राहायच्या. आम्ही त्यांना मोठी माय म्हणायचो. म्हाताऱ्या झाल्या म्हणून त्यांना रोटाला कोणी बसवत नसे, पण हात चालायचे, आणि त्या आमच्याच कुळात आलेल्या सून, म्हणजे त्यांच्या हाताला अडचण नव्हती. त्या देवीपुढे वाती करत बसल्या होत्या. आबा म्हणाले, मोठी माय, तू तरी ऊठ. मोठ्या मायने हातातली वात पूर्ण केली, मांडीवर ठेवली आणि वर बघितलं.

"जीवराम, मनी मूठ तू कव्हय धरी?" ती म्हणाली. "तुना काका गया तव्हयपासून मी वरकडमा खास."

वरकड म्हणजे दुसऱ्यांच्या मुठीतलं उरलेलं. एवढं बोलून तिने पुढची वात वळायला घेतली. मी त्या बाईच्या शेजारी जन्मभर झोपले होते, तिच्या मनात हे बसलंय असं मला कधी कळलं नव्हतं.

आता उरली माय. ती परातीपुढे बसली आणि तिने ती वाकडी बोटं पिठात घातली. पाणी घालून ती मळायला लागली, पण बोटं मिटत नव्हती. पीठ तिच्या हातांखालून नुसतं सरकत होतं. पडवीतून सगळ्यांना ते दिसत होतं. अक्काला सगळ्यांत जास्त दिसत होतं. माझ्या शेजारी तिने लुगड्याचा काठ मुठीत धरला. मला भीती वाटली, आता ती उठणार. मायसाठी ती उठली असती तर मी तिला दोष दिला नसता. पण ती बसून राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

मायनेच हात थांबवले. पिठाचे हात तसेच धरून ती आबांना म्हणाली,

"आखो एक मूठ काढा."

माझी माय आबांना कधी काही सांगत नसे. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते मी सांगत असे, ती नाही. आबांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू घरात कोणी अनोळखी बाई शिरली आहे. म्हणाले, गिरणी बंद आहे. माय म्हणाली, जातं आहे. आबा म्हणाले, लेकीची मूठ आजवर कोणी काढली नाही. माय त्या परातीपुढे बसून राहिली.

अंगणात एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं. बायांची कुजबुज वाढली. देवीपुढचा दिवा कोणीतरी पुढे सारला. तेव्हा वनाकाका खाकरला. हाच काल सगळ्यांत आधी हसला होता.

"भाऊ, काढ मूठ," तो म्हणाला.

पोरं भुकेने रडत होती म्हणून तो बोलला, की आपण या घरात कशावर टिकलो ते त्याला आठवलं म्हणून, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पण तो बोलल्यावर आबांचा चेहरा बदलला. वनाकाकाने मुठीचं नाव काढलं की त्याचा अर्थ काय होतो, हे त्या पडवीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मूठ काढली म्हणजे ती रोट खाणार. रोट खाल्ला म्हणजे पुढचं आलंच.

आबा देवीपुढे गेले. पोत्याचं तोंड सोडलं. हात आत घालणार, तेवढ्यात अक्का उठून त्यांच्याजवळ आली.

"मनी मूठ मी भरसू," ती म्हणाली.

आबांनी हात मागे घेतला. का घेतला ते त्यांचं त्यांना ठाऊक, कदाचित त्यांना स्वतःला ती भरायची नव्हतीच. अक्काने पोत्यात हात घातला, मूठ भरली, धडप्यावर सोडली. मग पाव मूठ आणखी. तिच्या हाताला निंदणीच्या विळ्याचे जुने वण होते आणि ती मूठ आबांच्या मुठीपेक्षा काही लहान नव्हती. एक दाणा पाटाखाली घरंगळला, तो तिने शोधून वर ठेवला.

जातं धुऊन घेतलं. मी आणि अक्का समोरासमोर बसलो, मोठ्या मायने जात्याच्या तोंडात दाण्यांची वैरण घातली. सव्वा मूठ गहू दळायला काय लागतं, बघता बघता झालं. ते पीठ परातीत मिसळलं आणि मग अक्का चुलीशी बसली. त्या दिवशी तिने खापरावर जे रोट टाकले तसे पुन्हा मी पाहिले नाहीत. आरती झाली. पंगत बसली, आणि अक्का मागच्या ओट्यावर गेली नाही. मायने तिला आपल्याजवळ पाट मांडला. तिने रोटाचा घास मोडला, तुपात बुडवला आणि खाल्ला. सगळे आपापल्या ताटात बघत होते, पण बघत होते सगळेच. आबा जेवले आणि हात धुवायला उठले. मोठी माय मात्र शेवटी म्हणाली, पुढल्या वर्षी माझीही मूठ काढा, मी जिवंत असले तर. तिला कोणी नाही म्हटलं नाही.

माझं काम झालं असं मला वाटलं नाही, कारण सोमवार अजून उरला होता. नियम वनाकाकाला लागू पडतो, लेकीला पडेल का? आबांनी पहूरला शब्द दिला होता. आणि बापाने दिलेल्या शब्दापुढे लेकीचा एक घास कितीसा टिकतो, ते मला सांगता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी देवी नदीवर पोचवून आम्ही परत आलो तर दारात मेटॅडोर उभी होती. सुपडूचा भाऊ तोताराम आला होता, सोबत गावातले दोघे. स्वतः सुपडू आला नव्हता. आणून सोडायला आला नव्हता, न्यायलाही आला नाही. तोताराम पडवीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, वहिनीले लवकर धाडा, पोरगं रडून राह्यलं. पोरगं कोणाचं, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही.

अक्का दाराच्या आत उभी होती. तिने ट्रंक भरली नव्हती. माय भिंतीला धरून उभी. मी तोंड उघडणार होते, पण अक्काने माझा दंड धरला. ती बोटं अजून दंडात रुतलेली आहेत असं वाटतं मला कधीकधी.

आबा उभे राहिले. ते आमच्याकडे बघत नव्हते, तोतारामकडेही नाही. समोरच्या खांबाकडे बघत होते. रागाने त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती, आणि तो राग कोणावर होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आमच्यावर तर होताच.

"तिनी आमना रोट खादा," आबा म्हणाले. "बठ्ठा भाऊबंदसनी देखं. आते ती आमनी शे."

तोतारामला वाटलं, हे बोलणं पुढे काहीतरी मागण्यासाठी आहे. त्याने समजावलं, मग दटावलं, मग अमळनेरच्या स्थळाचीही आठवण करून दिली, म्हणजे ती गोष्ट पहूरपर्यंत पोचली होती. आबा पुन्हा तेच वाक्य बोलले, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. मेटॅडोर बऱ्याच वेळाने निघाली. आमच्या आबांना लेक परत मिळाली म्हणून आनंद झाला, असं काही कोणी समजू नये. ते आपल्याच नियमात अडकले होते. पण त्यांनी नियम मोडला नाही, वनासाठी एक आणि बेबासाठी एक असे दोन केले नाहीत. एवढ्यासाठी मी त्यांना मानते. बाकी कशासाठी मानायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

अमळनेरच्या लोकांनी त्याच आठवड्यात नकार कळवला. पण तोपर्यंत मी गावात नव्हते. मंगळवारी सकाळी मी पिशवी भरली आणि धुळ्याला निघाले. आबांनी परवानगी दिली नव्हती, आणि मी ती मागितलीही नव्हती. ते ओट्यावर दात घासत होते. मी येते म्हटलं, त्यांनी चूळ भरून अंगणात टाकली. मी तोच होकार धरला.

अक्का फाट्यापर्यंत सोबत आली, ज्या फाट्यावर ती ट्रंक घेऊन उतरली होती त्याच. पिशवी तिनेच घेतली होती. मी तिला म्हटलं, की कोठावदे मॅडम आता मला विचारतील, घरची केस का घेतलीस म्हणून. अक्काला ते काही कळलं नाही. ती दुसराच काही विचार करत होती. लांबून एस्टी दिसायला लागली तेव्हा तिने विचारलं,

"तुन्या त्या देवपूरन्या बाया, त्यासनाकडे कानबाई बसस का?"

बसते, मी म्हटलं. बहुतेकींच्या माहेरी बसते.

"मंग सांग त्यासले," अक्का म्हणाली. "मूठ नही ते पिठले हात नही."

तिने पिशवी माझ्या हातात दिली. मी एस्टीत चढले, आणि दुसऱ्या दिवशी बुधवार होता.